पायातासचा कचऱ्याचा डोंगर का कोसळला आणि त्यानंतरच्या कायद्याने काय बदललं

प्रश्न असा आहे: 2000 साली फिलिपीन्समधल्या पायातासचा कचऱ्याचा डोंगर कोसळला तो पावसाने, मिथेनच्या स्फोटाने की निव्वळ उंचीने? आणि त्यानंतर जो कायदा आला, त्याने प्रत्यक्षात काही फरक पडला का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत. फरक पडला, पण ज्या कलमाचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला त्याने फारसा नाही. ‘उघडे डम्प अमुक तारखेपर्यंत बंद’ हे कलम वाचायला कडक वाटतं. पण डम्पला कुलूप लावलं म्हणून शहराचा कचरा त्या दिवशी थांबत नाही. तो दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडे जागाच नसेल तर फिरून त्याच ढिगावर येतो. पायातासचा डोंगर असाच, इतर जागा बंद झाल्यामुळे वाढला होता.

पायातास हा मेट्रो मनिलाच्या ईशान्य टोकाला, क्वेझॉन सिटीतला भाग. तिथे 1970च्या दशकापासून कचरा पडत होता. 1990च्या दशकाच्या मध्यात मनिलाच्या टोंडो भागातला ‘स्मोकी माउंटन’ हा कुप्रसिद्ध ढीग बंद झाला. 1998 साली काव्हिते प्रांतातलं कार्मोनाचं लँडफिल स्थानिकांच्या विरोधामुळे बंद झालं. रिझाल प्रांतातल्या सान मातेओच्या लँडफिलवरही लोक चिडलेले होतेच. महानगराचा कचरा मात्र वाढतच होता, आणि त्यातला मोठा वाटा पायातासवर येऊन पडत होता. स्मोकी माउंटनवर कचरा वेचणारी कित्येक कुटुंबंही कचऱ्यामागोमाग तिथे आली आणि ढिगाच्या पायथ्याला लागूनच झोपड्या उभ्या राहिल्या.

10 जुलै 2000, सोमवार सकाळ. त्याआधीच्या दिवसांत दोन चक्रीवादळांमुळे पावसाची झड लागली होती. ढिगाचा एक उतार सुटला आणि खालच्या वस्तीवर आला. पाठोपाठ आग लागली. दोनशेहून अधिक मृतदेह मिळाले. बेपत्ता माणसांचा आकडा शेकड्यांत सांगितला जातो आणि त्यावर आजही एकमत नाही, कारण त्या वस्तीत नेमकं कोण कोण राहत होतं याची नीट नोंदच नव्हती.

आता कारणाकडे. कचऱ्याचा उतार उभा राहतो तो दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे आतल्या घटकांमधलं घर्षण. दुसरी म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, दोऱ्या यांची आत झालेली गुंतवळ. या गुंतवळीमुळेच कचऱ्यात पोकलेनने कापलेली उभी भिंत महिनोन्‌महिने तशीच दिसते. माती असती तर ती दुसऱ्या दिवशी ढासळली असती. पाहणाऱ्याला वाटतं, ‘इतके दिवस उभा आहे म्हणजे पक्का आहे.’ इथेच फसगत होते.

आकडे मांडून पाहू. मिश्र शहरी कचऱ्यासाठी घर्षणकोन, म्हणजे केवळ घर्षणावर माल ज्या कोनात टिकतो तो, 30 अंश धरा, गुंतवळीचा आधार शून्य माना आणि उताराला समांतर थर घसरतोय असा साधा हिशेब करा. दीडास एक उतार असेल, म्हणजे दीड मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, तर सुरक्षा गुणांक, म्हणजे धरून ठेवणाऱ्या जोराला खाली ओढणाऱ्या जोराने भागून येणारा आकडा, 0.87 येतो. गुणांक एकच्या खाली गेला की तो उतार कागदावर पडलेलाच असतो. प्रत्यक्षात तो केवळ गुंतवळीच्या भरवशावर टिकून असतो. दोनास एक केला तर 1.15, तीनास एक केला तर 1.73. कायमच्या उतारासाठी 1.5 हा रूढ निकष आहे, म्हणून तीनास एक हा उतार जगभरच्या मॅन्युअलमध्ये दिसतो.

यात पाणी घाला. आत साठलेल्या पाण्याचा दाब वरच्या कचऱ्याच्या भाराच्या 30 टक्के झाला असं धरलं, तर दोनास एक उताराचा गुणांक 1.15 वरून थेट 0.72 वर येतो. आणि तीनास एक, ज्याला आपण निर्धास्त समजत होतो, तो 1.73 वरून 1.15 वर घसरतो. म्हणजे उतार सपाट करूनही पाण्याचा बंदोबस्त केला नाही तर निम्मंच काम झालं. उंचीची भूमिका वेगळी आहे. ती मुख्यतः ठरवते किती माल सुटेल आणि तो किती लांब जाईल. सुटेल की नाही हे बहुतांशी उतार आणि पाणी ठरवतात. ढीग मऊ, दलदलीच्या जमिनीवर असेल तर मात्र उंचीचा भार थेट पायाच मोडतो. कोलंबोजवळच्या मीतोटमुल्लाचा ढीग अशाच पाणथळ जागेवर चढवलेला होता. तो 14 एप्रिल 2017 रोजी, ऐन सिंहली नववर्षाच्या दिवशी, कोसळला आणि तीसहून अधिक माणसं गेली.

पाणी किती येतं, याचाही अंदाज हवा. दहा हेक्टरच्या उघड्या ढिगावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 घनमीटर, म्हणजे 10,000 टन पाणी पडतं. मातीचं आवरण आणि बाहेर काढणारे चर नसतील तर त्यातलं बरंचसं आत मुरतं. शिवाय कचऱ्याचं स्वतःचं पाणी असतंच. मनिलासारख्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तो कुजताना पाणीही सोडतो आणि गॅसही. भिजलेला कचरा जड होतो, म्हणजे खाली ओढणारं वजन वाढतं. त्याच वेळी पाण्याचा दाब घर्षण कमी करतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात.

कचरा टाकण्याच्या पद्धतीचा हिशेब बहुतेक चौकशी अहवालांत पुरेसा येत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. ट्रक माथ्यावर जातो, कडेला माल ओततो, डोझर तो कड्यावरून खाली ढकलतो. हे सगळ्यात स्वस्त पडतं, म्हणून सगळीकडे चालतं. पण असा ढकललेला माल दाबला जात नाही. तो जितका तीव्र उतार धरून राहू शकतो तितकाच धरतो, त्यामुळे जादा सुरक्षा काहीच उरत नाही. शिवाय पिशव्या आणि प्लास्टिकचे ताव उताराला समांतर पसरतात. गुंतवळ उपयोगी पडते ती घसरण्याच्या पातळीला आडवी गेली तर. समांतर पडलेलं प्लास्टिक आधार तर देत नाहीच, उलट निसरडा थर तयार करतं. योग्य पद्धत खालून वर चढण्याची आहे: सैल थर दोन फुटांपेक्षा जाड नको, त्यावर कॉम्पॅक्टरच्या तीन ते पाच फेऱ्या, आणि दिवसाअखेर साधारण 15 सेंटिमीटर माती.

त्या मातीतही एक मेख आहे. चिकणमाती टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरच नवा थर चढवला, तर ढिगाच्या पोटात पाणी न जाऊ देणारे पडदे तयार होतात. प्रत्येक पडद्यावर पाणी लटकून राहतं आणि उताराच्या मध्यातून झिरपायला लागतं. म्हणून नवा थर टाकण्याआधी जुनी चिकणमाती खरवडून बाजूला घ्यायची, निदान जागोजाग फोडायची. मुरूम किंवा वाळूमिश्रित माती असेल तर हा त्रास कमी.

मिथेनचं म्हणाल तर ‘स्फोटाने डोंगर कोसळला’ ही आवृत्ती जवळपास प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येते. गॅसचा आतला दाब पाण्याच्या दाबात भर घालतो आणि उतार आणखी कमकुवत करतो, हे खरं. पण कोसळण्यासाठी स्फोट लागत नाही. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असतानाच पेट घेतो. ढिगाच्या पोटात ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथे तो सहसा फुटत नाही. उतार सुटला की कोंडलेला गॅस एकदम बाहेर पडतो, हवेत मिसळतो आणि तुटलेली वीजतार किंवा पेटती चूल मिळाली की भडकतो. पायातासला आग कोसळल्यानंतर लागली, हा क्रम लक्षात ठेवा.

धुमसती आग ही मात्र निराळी आणि जास्त घातक गोष्ट. इंडोनेशियातल्या बांडुंगजवळ लेउविगाजाहचा ढीग 21 फेब्रुवारी 2005 रोजी कोसळला. सुमारे 27 लाख घनमीटर कचरा दरीतून जवळपास एक किलोमीटर वाहत गेला आणि 140 हून अधिक लोक गाडले गेले. तीन दिवसांचा पाऊस होताच. पण तपास करणाऱ्या अभियंत्यांनी बोट ठेवलं ते आतल्या धुमसत्या आगीवर. तिने प्लास्टिकची गुंतवळ जाळून टाकली होती. ज्या ढिगातून महिनोन्‌महिने धूर येतो त्याच्या ताकदीचे जुने आकडे वापरू नयेत, ते इथून.

अशा ढिगाजवळ काम करणाऱ्यांनी काय पाहावं? माथ्यावर कडेला समांतर जाणारी भेग. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर रोज त्याच वेळी मोजा आणि लिहून ठेवा. भेग रुंदावण्याचा वेग वाढत असेल तर वेळ थोडा उरलाय असं समजा. पायथ्याशी जमीन फुगणं, कुंपणाचे खांब बाहेर झुकणं. उताराच्या मध्यावर नवे काळे झरे दिसणं, किंवा चालू झरा पावसातही अचानक बंद पडणं. हे दुसरं लक्षण जास्त वाईट, कारण पाणी आत अडलेलं असतं. काही मीटर अंतरावर पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या) बसवले तर आतल्या पाण्याची पातळी कळते. ड्रोनने महिन्यातून एकदा उंचीचा नकाशा केला तर फुगवटा डोळ्यांच्या आधी आकड्यांत दिसतो.

भेग वाढू लागली की पहिलं काम माणसं हलवणं. मग माथ्यावरचे ट्रक थांबवणं, भेग मातीने बुजवून वर ताडपत्री टाकणं म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही, आणि वरचा माल मागे ओढून माथा हलका करणं. पायथ्याशी खणायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. पायथा हाच उताराचा टेकू असतो. माणसं किती लांब न्यायची याला ठाम सूत्र नाही. साठेक मीटरचा लेउविगाजाह उंचीच्या पंधरा पटीच्या आसपास गेला. कचरा भिजलेला आणि खाली दरी असेल तर शंभर-दोनशे मीटरचा पट्टा म्हणजे मनाचं समाधान.

आता धोरण. दुर्घटनेनंतर पायातास बंद करण्याचा आदेश निघाला. काही महिन्यांत तो डम्प पुन्हा सुरू झाला, कारण पर्याय नव्हता. 31 डिसेंबर 2000 ला ठरल्याप्रमाणे सान मातेओ बंद झालं आणि मनिलाच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. 11 जानेवारी 2001 ला राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांनी सान मातेओ पुन्हा उघडायला सांगितलं. नऊ दिवसांनी ते सत्तेतूनच गेले. 24 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने सान मातेओवर कचरा टाकायला स्थगिती दिली. आणि 26 जानेवारीला नव्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल अरोयो यांनी प्रजासत्ताक कायदा 9003, म्हणजे पर्यावरणीय घनकचरा व्यवस्थापन कायदा, सही करून लागू केला. पायातासचे मृत्यू आणि रस्त्यावरचा कचरा, दोन्हींचा दाब त्या सहीमागे होता.

कायद्यात दोन धागे आहेत. एक बंदीचा: तीन वर्षांत उघडे डम्प ‘नियंत्रित डम्प’ करायचे, पाच वर्षांत तेही बंद, पुढे फक्त सॅनिटरी लँडफिल, म्हणजे तळाला अस्तर आणि झिरपणारं पाणी गोळा करण्याची सोय असलेली जागा. दुसरा कचऱ्याच्या वाटेचा, म्हणजे तो डम्पऐवजी कुठे जाईल याचा: घरातच वर्गीकरण, कुजणारा आणि पुन्हा वापरता येणारा कचरा बरांगायने, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान स्थानिक प्रशासनाने, गोळा करायचा, प्रत्येक बरांगायला किंवा काही बरांगायांनी मिळून एक वर्गीकरण केंद्र, शहराकडे फक्त उरलेला आणि विशेष कचरा, आणि पाच वर्षांत किमान 25 टक्के कचरा डम्पपासून वळवणं. कचरा जाळण्यावर 1999 च्या स्वच्छ हवा कायद्याने आधीच निर्बंध आणले होते. त्यामुळे ‘जाळून टाकू’ ही पळवाट नव्हती.

बंदीचा धागा तुटला. मुदत 2006 साली संपली, आणि देशातले उघडे डम्प बंद झाल्याचं पर्यावरण खात्याने जाहीर केलं ते 2021 साली. पंधरा वर्षं उशीर होण्याचं कारण ढिलाई होतीच. पण मोठं कारण पैशाचं होतं. दिवसाला दहा-वीस टन कचरा करणाऱ्या छोट्या गावाला तळाचं अस्तर, लिचेटचे (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचे) पाइप, शुद्धीकरण टाकी आणि कॉम्पॅक्टर यांचा खर्च एकट्याने झेपत नाही. चार-सहा गावांनी मिळून एक लँडफिल करावं तर ते कोणाच्या हद्दीत यावर गाडी अडते.

वाटेचा धागा जिथे धरला गेला तिथे कायद्याने खरं काम केलं. डम्पवर जाणारा ओला कचरा कमी झाला की आतलं पाणी, गॅस आणि वजन तिन्ही एकदम उतरतात. उतार स्थिर ठेवण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि गंमत म्हणजे उतार-स्थिरतेच्या अहवालात त्याला जागाच नसते. फसला कुठे, तेही ठरलेलं आहे. केंद्राची शेड बांधली जाते, कंपोस्टला गिऱ्हाईक आणि कामगारांना पगार मात्र ठरत नाही, सहा महिन्यांत शेड भंगाराचं गोदाम होते. लोक घरी वेगळं करतात आणि एकाच ट्रकमध्ये सगळं एकत्र होतं. हे एकदा पाहिलं की घरचं वर्गीकरण बंद. आणि कंत्राटदाराला ट्रिपमागे पैसे असतील तर कचरा कमी होणं त्याच्या तोट्याचं असतं. क्वेझॉन सिटीने पुढे ट्रिपचा हिशेब सोडून विभागवार ठोक कंत्राट दिलं. कायद्यातल्या कुठल्याही कलमाइतकाच हा बदल महत्त्वाचा, असं माझं मत.

खुद्द पायातासवरही काम झालं: उतार टप्प्याटप्प्याने मागे घेतले, मातीचं आवरण दिलं, गॅस काढणाऱ्या विहिरी आणि त्यावर वीजनिर्मिती आली, पायथ्याची वस्ती हलवली. 2017 साली तिथे कचरा टाकणं कायमचं थांबलं. कचरा मग रिझाल प्रांतातल्या रोड्रिगेझच्या लँडफिलकडे वळला. हा तोच प्रांत, जिथल्या सान मातेओच्या लोकांनी ट्रक अडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. मृतांच्या कुटुंबांचा भरपाईचा दावा जवळपास दोन दशकं चालला, आणि शेवटी न्यायालयाने शहर प्रशासनाला जबाबदार धरलं.

इतर ठिकाणीही क्रम असाच दिसतो. इंडोनेशियाने 2008 साली कचरा व्यवस्थापनाचा कायदा क्रमांक 18 केला, उघडे डम्प पाच वर्षांत बंद करायला सांगितले, 21 फेब्रुवारी हा राष्ट्रीय कचरा जागृती दिन ठरवला. पण त्याआधी लेउविगाजाह बंद होताच बांडुंग शहर कचऱ्याखाली गेलं होतं. इथिओपियाच्या अदिस अबाबात कोशे या जुन्या डम्पच्या जागी सेंदाफा इथे नवं लँडफिल उघडलं, शेतकऱ्यांच्या विरोधामुळे 2016 साली ते थांबलं, ट्रक कोशेला परतले, आणि मार्च 2017 मध्ये कोशे कोसळून शंभरावर लोक मेले. दिल्लीत 1 सप्टेंबर 2017 ला गाझीपूरचा उतार सुटून दोघांचा जीव गेला. गाझीपूर बंद करून कचरा रानीखेड्याला न्यायचं ठरलं, तिथल्या लोकांनी रस्ता अडवला, ट्रक गाझीपूरला परतले.

म्हणून कोणताही डम्प-बंदीचा आदेश हातात आला की तारीख सोडून पुढचं वाचायचं. रोजचे किती टन कुठल्या पत्त्यावर जाणार, आणि त्या जागेची परवानगी व स्थानिकांची संमती आज आहे का. ओल्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी, वेगळं कंत्राट आणि कंपोस्ट उचलणारा कोणी ठरलाय का. जुन्या ढिगाचा उतार पावसाळ्याआधी कोण सपाट करणार, आवरण आणि चरांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली आहे. पिझोमीटरची नोंद कोणाकडे जाणार आणि कुठल्या पातळीला वस्ती रिकामी करायची. जुना कचरा उपसून चाळण्याचं म्हणजे बायोमायनिंगचं काम निघालं असेल तर निविदेत ‘खोदाई माथ्यावरून खाली, टप्प्याटप्प्याने’ हे स्पष्ट लिहिलंय का. रस्ता खाली असतो, चाळणी खाली असते, म्हणून कंत्राटदार पायथ्यापासून सुरुवात करतो. तीनास एक असलेला उतार अशा खोदाईने आठवडाभरात उभा कडा होतो, आणि खाली चाळणीवर माणसं काम करत असतात.